आधी बोटांनी, मग पान्याने

ट्रॅक्टरला प्लग असतो असे आम्ही वसईतील एखाद्या शेतकऱ्याला सांगितले, तर तो आमच्याकडे दयार्द्र नजरेने पाहील. ‘फादर, तुमचे प्रवचन चांगले असते, पण ट्रॅक्टर डिझेलवर चालतो,’ असे तो म्हणेल आणि त्याचे म्हणणे चुकीचे नसेल. आपल्याकडच्या शेतांत दिसणारा ट्रॅक्टर डिझेलचाच असतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की त्या दाबानेच ती तापते आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. तेथे ठिणगीला कामच नसते. परंतु एक काळ असा होता की परदेशांतील पुष्कळसे ट्रॅक्टर पेट्रोलवर किंवा घासलेटासारख्या तेलावर चालत, आणि मोटारीसारखेच त्यांच्या हेडमध्ये प्लग बसवलेले असत. अशा एका जुन्या ट्रॅक्टरचे चार प्लग बदलण्याचा योग आमच्या आयुष्यात आला. कामाला एक दुपार पुरली. त्या दुपारी जे वर आले ते वाचकांपुढे मांडण्यास मात्र आम्हांला कित्येक वर्षे लागली.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोन महिने आयर्लंडच्या मध्यभागातील एका ग्रामीण धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. तेथील प्रमुख धर्मगुरू विश्रांतीसाठी बाहेर गेले होते. आयर्लंड म्हणजे पाऊस, अशी आमची समजूत. म्हणून आम्ही सामानात दोन छत्र्या भरल्या होत्या. त्या वर्षी मात्र जून-जुलैत तेथे असा कोरडा उन्हाळा पडला की हिरव्यागार म्हणून प्रसिद्ध असलेली ती कुरणे पिवळी पडली आणि पाणी जपून वापरण्याचे हुकूम निघाले. आम्हांला वसईचा मे महिना आठवू लागला.

रोजच्या सकाळच्या मिस्साला सात-आठ वृद्ध माणसे येत. त्यांत शेवटच्या बाकावर बसणारे एक विधुर शेतकरी होते. वय ऐंशीच्या पुढे. एके दिवशी मिस्सानंतर ते मागे थांबले आणि म्हणाले, “फादर, वेदीवर तुमचे हात पाहिले. अगदी स्थिर आहेत. मला ते एका दुपारपुरते हवे आहेत.”

आम्हांला अर्थ कळेना. तेव्हा त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. ते वाऱ्यावरील पानासारखे थरथरत होते. कंपवाताने त्यांच्या हातांचा ताबा गेला होता. घरी त्यांच्या वडिलांच्या काळातील एक ट्रॅक्टर होता. जुन्या ट्रॅक्टरांच्या एका धर्मादाय फेरीत तो न्यायचा होता, पण तो तीनच सिलिंडरवर खोकत होता. “अक्कल माझी, हात तुमचे,” ते म्हणाले.

त्या ट्रॅक्टरला तेथील लोक ‘छोटी करडी फर्गी’ म्हणतात. याचा निर्माता हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडमधील काउंटी डाऊनच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४. यंत्रवेड इतके की १९०९ च्या अखेरच्या दिवशी त्याने स्वतः बांधलेले विमान स्वतःच उडवले. पुढे त्याने नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत नेण्याऐवजी तीन दांड्यांनी व तेलाच्या दाबाने ट्रॅक्टरलाच जोडण्याची युक्ती काढली. आज आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे जे तीन बिंदूंचे जोडकाम दिसते, ते मूळ त्याचे. १९३८ मध्ये त्याने अमेरिकेच्या हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर भागीदारी केली. कागद झालाच नव्हता. फोर्डच्या नातवाच्या कारकिर्दीत ती भागीदारी तुटली, खटला उभा राहिला आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळून तो मिटला. तोवर, १९४६ पासून, इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे त्याचे ‘टीई-२०’ नावाचे करडे ट्रॅक्टर निघू लागले होते. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेही याच जातीच्या, पट्टे चढवलेल्या ट्रॅक्टरांवर.

आमच्यापुढे उभा होता तो ‘टीईडी-२०’, म्हणजे १९४९ पासून निघालेला, दोन तेलांवर चालणारा प्रकार. त्याला टाकीचे दोन कप्पे असतात. लहान कप्प्यात पेट्रोल आणि मोठ्यात ट्रॅक्टरसाठी म्हणून विकले जाणारे घासलेटाच्या जातीचे स्वस्त तेल. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे, ते चांगले तापू द्यायचे आणि मग तोटी फिरवून तेलावर आणायचे. घाई केली, तर थंड इंजिनात ते तेल नीट वाफ होत नाही. मागून धूर निघतो, प्लग ओले होतात आणि न जळलेले तेल खाली झिरपून वंगणाचे पाणी करते.

येथवर वाचून वसईतील पन्नाशीपुढच्या वाचकांच्या नाकाला घासलेटाचा वास आला असेल. रहाट गेले आणि विजेचे पंप सगळीकडे पोहोचले नव्हते, त्या मधल्या काळात आपल्या विहिरींवर अशीच छोटी इंजिने होती. दोरी ओढून पेट्रोलवर सुरू करायची आणि मग तोटी फिरवून घासलेटावर. आमच्या वाडीतील विहिरीवरही असेच एक इंजिन होते. त्याचा विषय पुढे येईल.

कोठारात गेल्यावर त्या वृद्ध गृहस्थांनी दुधाची एक जुनी बरणी उलटी करून तीवर बसकण मारली आणि आमच्या हाती चकचकीत प्लगांची चार खोकी दिली. नंतर खिशातून पाचवे खोके काढले आणि ते मात्र स्वतःच्या मांडीवर ठेवले. “ते कशासाठी?” आम्ही विचारले. “आधी जुने काय म्हणतात ते पाहू,” ते म्हणाले.

मग त्यांनी आम्हांला प्लगची निवड कशी करावी याचा पाठ दिला. आमची समजूत, जो प्लग छिद्रात बसतो तो चालतो. त्यांच्या पुतण्यानेही आदल्या वर्षी हीच चूक केली होती. प्लग निवडताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, आट्यांचा व्यास. या इंजिनाला तो १४ मिलिमीटर लागतो. दुसरी, आट्यांची लांबी. येथे ती अर्धा इंच. याहून लांब प्लग छिद्रात शिरतो खरा, पण त्याचे टोक ज्वलनाच्या जागेत फार पुढे येते. उघड्या आट्यांवर काजळी धरते आणि दुर्दैव असले तर चालत्या भागाचा त्याला धक्का बसतो. याहून आखूड असला, तर ठिणगी खोलगट जागी पडते आणि हेडमधील रिकाम्या आट्यांत काजळी साचते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. प्लगची उष्णता. प्लगच्या टोकाशी चिनीमातीचे एक पांढरे नाक असते. ते लांब असेल, तर ज्वालेची उष्णता हेडकडे सावकाश जाते आणि टोक तापलेले राहते. अशा प्लगला ‘गरम’ म्हणतात. नाक आखूड असेल, तर उष्णता चटकन निघून जाते. तो ‘थंड’ प्लग. टोक साधारण साडेचारशे अंशांवर गेले की त्यावर बसणारी काजळी ते स्वतःच जाळून टाकते. साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेले, तर ते निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीची वाट न पाहताच इंधन पेटवते, आणि मग पिस्टनची खैर नसते. म्हणून वेगाने तापणाऱ्या इंजिनाला थंड प्लग आणि संथपणे, कमी तापून चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरला गरम प्लग योग्य ठरतो.

आणि येथेच पुतण्या फसला होता. प्लगवर छापलेल्या क्रमांकात ही उष्णता सांकेतिक अंकाने दिलेली असते. परंतु सर्व कारखान्यांची भाषा एक नाही. चॅम्पियनच्या प्लगात अंक वाढला की प्लग अधिक गरम. जपानी एनजीकेच्या प्लगात अंक वाढला की अधिक थंड. एका भाषेतील अंक दुसऱ्या भाषेत वाचला की माणूस नेमका उलट्या दिशेला जातो. पुतण्याने मनापासून ‘अधिक गरम’ म्हणून आणलेले प्लग अधिक थंड निघाले होते.

चौथी गोष्ट म्हणजे दोन टोकांमधील फट. येथे ती एका इंचाचे तीस सहस्रांश, म्हणजे पाऊण मिलिमीटर हवी. नवा प्लग खोक्यातून काढला म्हणजे त्याची फट बरोबरच असेल असे नसते, कारण तोच प्लग अनेक इंजिनांसाठी विकला जातो. फिलर गेजची पाती घालून पाहावे आणि बाहेरचे वाकडे टोक हलकेच वाकवून फट कमी-जास्त करावी. मधल्या टोकाला कधीही जोर लावू नये. चिनीमातीला बारीक तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

मग आम्ही बाह्या सरसावल्या. इंजिन थंड होते. प्रथम प्रत्येक प्लगच्या बुडाशी साचलेली धूळ ब्रशने झाडून फुंकून काढली, नाही तर प्लग निघताच ती माती थेट सिलिंडरात पडते. चारही तारा एकदम काढण्यास त्यांनी मनाई केली. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. तारांची अदलाबदल झाली, तर इंजिन चालणार नाही किंवा उलटा फटका देईल. म्हणून एक तार, एक प्लग. तो बदलला की मगच पुढचा. आणि तार ओढायची ती टोपीला धरून, दोरासारखी हिसका देऊन नव्हे.

जुने प्लग निघाले तसे त्यांनी ते क्रमाने एका फळीवर मांडायला लावले आणि त्यांच्याकडे असे पाहू लागले जसे आपण शाळेतून आलेल्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहतो. प्लगचा चेहरा इंजिनाच्या पोटातले सांगतो. टोक फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचे असेल, तर आत सर्व ठीक. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल, तर इंधन जास्त जाते, चोक ओढलेला राहतो किंवा प्लग थंड जातीचा आहे. पांढरे पडून फोड आलेले असेल, तर इंजिन फार तापते. आणि काळे, ओले, तेलकट असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्वच्या नळ्या झिजून वंगणाचे तेल वर येत आहे. टोकांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर प्लग म्हातारा झाला. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडी घेते, गोल कडेवरून तिला अधिक जोर लागतो. या टोकांवरचा भारही थोडा नाही. इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक प्लगला त्या एका मिनिटात ७५० ठिणग्या द्याव्या लागतात.

फळीवरचे पहिले तीन प्लग कोरडे काळे होते. ती पुतण्याच्या अंकांची करणी. चौथा तेलाने चिंब होता.

“हा बोलतो आहे,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी मी हाच बदलला, त्याच्या आदल्या वर्षीही बदलला. दर वेळी प्लगला दोष देतो. प्लग बिचारा निरोप्या. चौथ्या सिलिंडरच्या रिंगा गेल्या आहेत आणि ते मला ठाऊक आहे. इंजिन उघडण्याचा कंटाळा, दुसरे काय?” मग त्यांनी मांडीवरचे पाचवे खोके आमच्याकडे दिले. त्यात इतरांहून एक पायरी अधिक गरम प्लग होता. तेल पिणाऱ्या सिलिंडरला असा प्लग दिला, तर तो तेल जाळून काही दिवस तग धरतो. “हे पांघरूण आहे, औषध नव्हे,” ते म्हणाले. “फेरीपुरते चालेल. हिवाळ्यात उघडीन.”

आम्ही पहिला नवा प्लग उचलला, छिद्राशी धरला आणि सवयीने दुसऱ्या हाताने पाना उचलला.

“पाना खाली ठेवा!” एवढ्या थरथरत्या माणसाकडून इतका खणखणीत आवाज येईल असे आम्हांला वाटले नव्हते. “आधी बोटांनी. प्रथम उलटा फिरवा, हलकेच. आट्याच्या तोंडाशी आला की बारीकसा टक्क लागेल. मग सुलटा. बोटांनी अगदी तळापर्यंत गेला पाहिजे. बोटांना अडला, तर काढा आणि पुन्हा लावा. पाना शेवटच्या अर्ध्या फेऱ्यासाठी असतो. पान्याला वाकडे कळत नाही, बोटांना कळते.”

आम्ही प्लग उलटा फिरवला. टक्क लागले. आणि आमचा स्थिर म्हणून वाखाणलेला हात थांबला. आम्ही तसेच उभे राहिलो. “काय झाले, फादर?” त्यांनी विचारले. ते आम्ही त्यांना सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले.

१९८२ चा मे महिना. आम्ही बारा वर्षांचे. वाडीत केळी, पानवेली, भाजीपाला. विहिरीवर ते घासलेटचे इंजिन. वाडीच्या कडेला आमच्या गड्याची झोपडी होती. तो वारली समाजाचा, बायको व दोन लेकरांसह राहणारा. रोज पहाटे तोच दोरी ओढून इंजिन सुरू करी. त्या आठवड्यात इंजिन अडखळत होते. वडिलांनी मायकोचा नवा प्लग आणून ठेवला होता, पण ते भाजी घेऊन दादरच्या बाजारात गेले होते. वडील परतण्यापूर्वी आपण काम करून ठेवावे आणि शाबासकी मिळवावी, असे आमच्या मनात आले. दुपारी वाडी निजलेली असता आम्ही जुना प्लग काढला, नवा छिद्रावर ठेवला आणि पाना लावला. तो कठीण जात होता. आम्ही दोन्ही हातांनी जोर केला. घट्ट बसला म्हणजे नीट बसला, असे आम्हांला वाटले.

त्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे होते. प्लगचे आटे पोलादाचे. तिरक्या शिरलेल्या पोलादाने मऊ धातूचे आटे नांगरल्यासारखे कापत नेले. दुसऱ्या दिवशी पहाटे गड्याने इंजिन सुरू केले. अर्धा तास चालले आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन प्लग उडाला, तो थेट पत्र्यावर आपटला. छिद्रात आटे उरले नव्हते. हेडच बदलावे लागणार होते.

वडिलांनी गड्याला विचारले, “प्लगला हात कोणी लावला?” तो म्हणाले, “मी नाही, शेट.” त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि पुढे काही बोलला नाही. वडिलांनी आम्हांला विचारलेच नाही. आम्हांला कोणी विचारले नाही, म्हणून आम्ही खोटे बोललो नाही, असे आम्ही पुढे कित्येक वर्षे स्वतःला समजावीत आलो. हेडची किंमत त्याच्या मजुरीतून आठवड्याला थोडी थोडी कापली गेली. पावसाळ्यानंतर त्याला पुन्हा कामाला बोलावले नाही. दिवाळीपूर्वी ती झोपडी मोडली गेली. आमचे वडील कठोर नव्हते. गडी चुकला असणार, हे त्यांना विचार न करताच पटले, आणि वाडीत इतर कोणालाही त्यात विचार करण्यासारखे काही वाटले नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही प्रायश्चित्त संस्काराला गेलो. आईचे ऐकले नाही, भावाशी भांडलो, अशी नेहमीची यादी सांगितली. सेमिनरीत गेल्यावर नीतिशास्त्राच्या परीक्षेत अन्यायाने झालेल्या हानीच्या भरपाईवर प्रश्न आला. भरपाई केव्हा बंधनकारक होते, हानी होणारा मनुष्य दूर गेला असता काय करावे, त्याच्या वारसांचा हक्क काय, हे सर्व आम्ही पाच पाने लिहिले. उत्तराला उत्तम गुण मिळाले. लिहिताना विहिरीवरचे इंजिन आठवले नाही, असे म्हणणे खोटे होईल. आठवले, आणि आम्ही पुढचा परिच्छेद लिहिला.

वृद्ध गृहस्थांनी हे सर्व मान खाली घालून ऐकले. सांत्वन केले नाही. “लोखंडाचे हेड असते, तर तुम्ही वाचला असता,” एवढे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आटे गेलेले छिद्रही दुरुस्त होते, फादर. ते मोठे करायचे, नवे आटे पाडायचे आणि आत तारेची गुंडाळी बसवायची. कधी कधी मूळच्याहून पक्के होते. पण त्यासाठी हेड खाली उतरवावे लागते. चला, दुसरा प्लग घ्या.”

आम्ही चारही प्लग बोटांनी तळापर्यंत नेले आणि मग पान्याने अर्ध्या फेऱ्याहून किंचित अधिक आवळले. नव्या वॉशरला तेवढेच दाबणे पुरते. वापरलेला वॉशर असेल, तर त्याहून पुष्कळच कमी. त्या ट्रॅक्टरला सुरू करण्याचे वेगळे बटण नाही. गिअरची दांडीच एका खास खाचेत ढकलावी लागते, म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकून सुरू होत नाही. त्यांनी आम्हांलाच चालकाच्या बैठकीवर बसवले. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन पेटले. चौथ्या सिलिंडरने दोन-तीन वेळा खोकून निळा धूर सोडला आणि मग तोही इतरांत मिसळला. ते डोळे मिटून ऐकत होते. “चार,” ते म्हणाले.

परत आल्यावर आम्ही शोध सुरू केला. आमचे आईवडील तोवर निवर्तले होते. ती माणसे वाड्याच्या बाजूला गेली, एवढेच कोणाला तरी आठवत होते. पत्ता लागला तो २०१९ च्या हिवाळ्यात. आमचा गडी बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता. त्याची मुलगी भेटली, पन्नाशीकडे झुकलेली. झोपडी मोडली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती.

आम्ही हेडची किंमत, बुडालेली मजुरी आणि इतक्या वर्षांचे व्याज असा आपल्या परीने हिशेब करून एक पाकीट नेले होते. अंगणात बसून आम्ही तिला सर्व सांगितले. प्लगचा प्रसंग तिला मुळीच आठवत नव्हता. तिला आठवत होते ते एवढेच, की वसईत असताना ती दुसरीच्या वर्गात जात होती आणि येथे आल्यावर शाळा लांब पडली. “मग काय, राहिलं ते राहिलंच,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ज्या नुकसानीचा आम्ही सदतीस वर्षे विचार करत होतो ते नुकसान एका हेडचे होते. दुसरीतली एक मुलगी आमच्या हिशेबात कोठेच नव्हती.

पाकीट तिने घेतले. नाकारले नाही, आभारही मानले नाहीत. “हे बाबाचं आहे,” असे म्हणून तिने ते आत नेऊन ठेवले. बाहेर येऊन म्हणाली, “बाबानं काही मोडलं नव्हतं, हे आम्हाला ठाऊकच होतं. ते तुमच्या गावाला ठाऊक नाही. ते तिथं जाऊन सांगा.”

आम्ही प्रथम भावाला सांगितले. तो म्हणाला, “आता उकरून काय मिळणार? वडिलांच्या नावाला उगाच बट्टा.” त्या बोलण्याचा आधार घेऊन आम्ही आणखी काही वर्षे गप्प राहिलो. एकीकडे चौथ्या सिलिंडरला पांघरूण घालणाऱ्या त्या वृद्ध शेतकऱ्याने दिलेला शब्द पाळला होता. फेरीनंतरच्या नाताळात त्यांचे पत्र आले. अक्षर त्यांच्या नातीचे, मजकूर त्यांचा. इंजिन उघडले, रिंगा बदलल्या, चौथ्याला आता इतरांसारखाच प्लग दिला आहे आणि चारही बिस्किटाच्या रंगाचे झाले आहेत. तेलाने भिजलेला तो जुना चौथा प्लग आमच्या टेबलावर आहे. आमची मोटारसायकलवाली तरुण मुले तो हातात घेऊन पाहतात आणि पुसून का ठेवत नाही, असे विचारतात.

हे मासिक-त्रैमासिक वाचणारी बहुतेक घरे कधी ना कधी वाडीवाली होती, आणि बहुतेक वाड्यांच्या कडेला एखादी झोपडी होती. इतरांच्या वाड्यांविषयी बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमच्याविषयी एक वाक्य सांगायचे राहिले होते, ते सांगतो. १९८२ च्या मे महिन्यात आमच्या विहिरीवरील इंजिनाच्या प्लगचे आटे आम्ही मारले. आमच्या गड्याने नाही.